पायऱ्यांवरची धर्ममाता

एदिल्माचा आजार गल्लीला वर्षभर माहीत होता, आणि वर्षभर कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तिनं तो फक्त मैत्रिणीला, नोरेलीला, सांगितला होता. दवाखान्यातल्या मंगळवारच्या गटात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, निदान एका माणसाला तरी सांगा. म्हणून तिनं एका माणसाला सांगितला. नोरेलीनं आपल्या आईशिवाय कुणाला सांगितलं नाही. आणि आईनं, म्हणजे गल्ली जिला मानानं 'दोन्या' म्हणायची त्या दोन्या बेरेनीसनं, पाववाल्याची बायको, वरच्या वळणावरच्या दोघी बहिणी आणि शुक्रवारी जपमाळेला येणाऱ्या बायका सोडल्या तर कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

आजाराचं नाव लांबलचक होतं. सीमारेषेवरचा व्यक्तिमत्त्व विकार.

"सीमारेषा म्हणजे कुठली ग?" बहिणींतल्या धाकटीनं विचारलं. "देशाची? कुकुताकडची?"

"छे! ती तर मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे कधी गेलेली नाही," थोरली म्हणाली.

शेवटी सगळ्यांच्या मते ते थायरॉइडसारखं काहीतरी ठरलं. त्याचं कारण दोन्या बेरेनीसनंच शोधून काढलं. एदिल्मा घरी बसून जीन्सचं काम करायची. दिवसभर मागच्या खिशांना दुहेरी टीप मारायची आणि संध्याकाळी त्याच खिशांवर इस्त्री फिरवायची. इस्त्री झाली रे झाली की नळाखाली हात. इस्त्रीनं तापलेल्या हातांना गार पाणी लागलं की तोंड वाकडं होतं, सांधे धरतात, हे मेदेयीन शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एदिल्माच्या बाबतीत ते डोक्यात गेलं, एवढंच.

"कॅमोमाइलचा काढा घे मध घालून," दोन्या बेरेनीसनं बजावलं. "आणि इस्त्रीनंतर तासभर पाण्याला शिवायचं नाही. कळलं का, पोरी?"

एदिल्मानं काढा घेतला. तो काही बाधला नाही.

मानरीके वस्तीच्या त्या वरच्या अंगाला रस्ता असा नाहीच. डोंगराला बिलगलेली विटांची घरं आणि त्यांच्यामधून खाली चर्चपर्यंत, बसथांब्यापर्यंत उतरत गेलेल्या सिमेंटच्या पायऱ्या. माणूस आजारी पडला तर खुर्चीत बसवून उतरवतात, फ्रिज घेतला तर पाठीवर चढवतात. एदिल्मा पाच वर्षांपूर्वी इथं राहायला आली तेव्हा तिचं शिलाई मशीन असंच चौघांनी वर आणलं होतं. ती एकटी होती. आई स्पेनला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली, तेव्हा एदिल्मा शाळेत होती. आई दर रविवारी फोन करायची आणि एदिल्मा शनिवारपासून फोनजवळ बसायची. पुढे फोन पंधरवड्यानं येऊ लागला. बसायची सवय मात्र राहिली.

ती कामाला चोख होती. तिच्या खिशाची टीप कधी वाकडी गेली नाही. माणसांच्या बाबतीत मात्र तिचं काहीतरी सरळ जात नसे. तिच्या लेखी माणूस सोमवारी देव असायचा आणि गुरुवारी दगड. नव्या ओळखीच्या बाईला ती पहिल्याच आठवड्यात पडदे शिवून द्यायची, आणि त्या बाईनं एखाद दिवशी हाक मारली नाही की रात्रभर रडून, सकाळी पडदे परत मागायला जायची. उन्हाच्या दिवसांतही ती लांब बाह्यांचे कपडे घालायची. त्याबद्दल विचारायचं नाही, एवढं गल्लीला न सांगता कळलं होतं.

गल्लीत सगळ्यात गाजलेली गोष्ट बुटांची. हाइरो नावाच्या रंगाऱ्याशी तिचं जमलं होतं. तो एका शनिवारी येतो म्हणाला आणि आला नाही. एदिल्मानं त्याचे तिच्याकडे असलेले सगळे बूट गच्चीवरून एकेक करून पायऱ्यांवर फेकले, आणि प्रत्येक बुटाबरोबर त्याच्या खानदानाचा उद्धार केला. लोक खिडक्यांत येऊन उभे राहिले. बूट संपले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग दार उघडलं, एदिल्मा डोळे पुसत खाली उतरली, एकेक बूट गोळा केला, जोड्या लावल्या, आणि वाटेत ज्यांच्या ज्यांच्या कुंड्यांना बूट लागले होते त्यांची माफी मागत वर आली. हाइरो दुसऱ्या दिवशी आला, त्यानं बूट नेले आणि पुन्हा दिसला नाही.

टिकली ती एकटी नोरेली. म्हणजे तिच्याशीही एदिल्मा भांडली होतीच. नोरेली बहिणीबरोबर सिनेमाला गेली आणि एदिल्माला विचारलं नाही, यावरून दारात उभं राहून ती वाट्टेल ते बोलली. नोरेलीनं ऐकून घेतलं, जांभई दिली आणि म्हणाली, "एदिल्मा, मी आज फार दमलेय ग. उद्या ये भांडायला." दुसऱ्या दिवशी एदिल्मा खरंच गेली. नोरेलीनं दार उघडलं. भांडायचं काय ते मात्र एदिल्माला आठवेना, कारण दार उघडलं जाईल असं तिनं धरलंच नव्हतं. दोघींनी मक्याच्या पिठाच्या अरेपा भाजल्या आणि लोण्याबरोबर खाल्ल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नोरेलीच्याच सांगण्यावरून एदिल्मा दवाखान्यात गेली आणि मंगळवारच्या गटात बसू लागली.

म्हणून नोरेलीला मुलगी झाली तेव्हा तिनं एदिल्मालाच धर्ममाता व्हायला सांगितलं, यात कुणाला नवल वाटलं नाही. धर्ममाता म्हणजे काही फुलं देऊन फोटो काढणारी पाहुणी नव्हे. आई गेली तर मूल तिचं. आणि ज्या दिवशी हे ठरतं त्या दिवसापासून आई आणि धर्ममाता एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. दोघी एकमेकींच्या कोमाद्रे होतात, मरेपर्यंत.

"कोमाद्रे," नोरेली पहिल्यांदा म्हणाली तेव्हा एदिल्मा उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासू लागली. त्या दिवशी तिनं इस्त्री केली होती, पण दोन्या बेरेनीसनंसुद्धा तिला अडवलं नाही.

मुलीचं नाव अंतोनेला. आठच्या मालिकेतल्या नायिकेवरून. त्या वर्षी त्या पायऱ्यांवर तीन अंतोनेला जन्माला आल्या. आठची मालिका सगळी गल्ली बघायची, आणि तीही दोन्या बेरेनीसच्या बाहेरच्या खोलीत, कारण टीव्ही तिचा मोठा होता. मालिकेच्या बाबतीत दोन्या बेरेनीस फार काटेकोर होती. पूर्वी एकदा कापडाच्या दुकानाच्या उद्घाटनाला एक नट आला होता, ज्यानं कुठल्याशा मालिकेत विधवेची जमीन लाटणाऱ्या वकिलाचं काम केलं होतं. दोन्या बेरेनीसनं गर्दीतून वाट काढली आणि त्याच्या खांद्यावर छत्री हाणली. "हे त्या विधवेकडून," ती म्हणाली. तो बिचारा हसला आणि त्यानं तिला सही केलेला फोटो दिला. तो तिनं घरी आणून भिंतीवर लावला. फक्त ती मालिका संपेपर्यंत तोंड भिंतीकडे करून ठेवला.

बाप्तिस्म्याला तीन आठवडे होते. एदिल्मा अंतोनेलाचा झगा शिवत होती. पांढरा, लांबच लांब, छातीवर बारीक चुण्या, आणि घेराला लेस. खिशांचं काम आटोपल्यावर ती हात कोपरापर्यंत धुवायची आणि मग झग्याला हात लावायची.

त्या सोमवारीही ती आठच्या मालिकेला गेली होती. हातात उकडलेल्या मक्याची दूध घातलेली वाटी होती. मालिकेतली खलनायिका इव्हाना, जिचा नवरा नायिकेवर प्रेम करतो, संगमरवरी जिन्याच्या टोकावर उभी राहिली. नायिका खाली जायला वळली. इव्हानानं तिला ढकललं. नायिका गडगडत खाली गेली, पण केस विस्कटले नाहीत. इव्हाना वर उभी राहून हसली, मग आत जाऊन लाल वाइन प्याली, मग आरशावर पेला फेकला आणि फुटलेल्या आरशात बघून पुन्हा हसली. पुढच्या प्रसंगात एका पांढऱ्याशुभ्र इस्पितळात, जिथं एकही रुग्ण नव्हता, एक चष्मेवाला डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाला, "तुमच्या पत्नीला सीमारेषेवरचा व्यक्तिमत्त्व विकार आहे. अशी माणसं प्रेम करत नाहीत, साहेब. शिकार करतात."

जाहिराती लागल्या. साबणाची जाहिरात सगळ्यांनी मन लावून बघितली.

"एदिल्मा," दोन्या बेरेनीस शेवटी म्हणाली, "तुझंही हेच नाव ना ग?"

"हो."

"अगदी हेच?"

"हेच."

"असं असं." दोन्या बेरेनीस उठली. "ती वाटी दे इकडे, पोरी, मी धुते. राहू दे, राहू दे, तू नको उठूस. चमचाही दे."

दुसऱ्या दिवशी एदिल्मा तयार खिशांचं गाठोडं घेऊन खाली निघाली तेव्हा दोन्या बेरेनीस तिच्या पुढे चार पायऱ्यांवर होती. ती थांबली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

"तू हो पुढे, पोरी. माझा गुडघा धरलाय."

एदिल्मा पुढे झाली. पाववाल्याच्या बायकोचाही गुडघा धरला होता. दोघी बहिणींना तर वाटेत एकदम काहीतरी विसरल्याचं आठवायचं, आणि एदिल्मा पुढे गेली की त्या विसरलेलं न आणताच मागून उतरायच्या. आठवडाभरात त्या सगळ्या पायऱ्यांवर एदिल्माच्या पुढे चालणारं कुणी उरलं नाही. आयुष्यात तिला कधी कुणी एवढा मान दिला नव्हता.

लोक वाईट नव्हते. विचारत होते तेही आपुलकीनं.

"तुला ते हसू येतं का ग, एकटी असताना?" पाववाल्याच्या बायकोनं विचारलं.

"नाही."

"आणि वाइन?"

"मला पित्त होतं."

"बघ बाई. सांभाळ."

त्या रात्री दात घासताना एदिल्मानं आरशात बघून इव्हानासारखं हसून पाहिलं. पेस्ट घशात गेली आणि तिला ठसका लागला. खरं म्हणजे तिला स्वतःचंच हसू यायला हवं होतं; पण ती आरशात आपल्या हातांकडे बघत राहिली. बुधवारी नोरेलीकडे गेली असताना तिनं अंतोनेलाला घेतलं, आणि पाळण्यापाशी उभी राहून लगेच परत दिलं. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. आणि पायऱ्यांवर पुढे एखादं पोर उड्या मारत जात असलं की ती दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालू लागली.

मंगळवारच्या गटात त्या आठवड्यात दुसरा विषयच निघाला नाही. आयदे नावाच्या बाईच्या नवऱ्यानं सुऱ्यांचा खण कुलूप लावून बंद केला होता, त्यामुळे तो स्वतःच सकाळी चमच्यानं पपई कापत होता. रुब्येल बस चालवायचा. गटातला तो एकटाच पुरुष.

"तुमचं तरी बरं आहे," रुब्येल म्हणाला. "मालिकेत हा आजार फक्त सुंदर बायकांना होतो. मी घरी सांगितलं, मलाही तोच आहे, तर मेहुणा म्हणतो, आरशात बघ जरा."

"त्यात ती फोन करते का कधी?" आयदेनं विचारलं. "उत्तर येईना म्हणून परत, परत, परत?"

"ती फोन करत नाही. ती थेट घोड्यावर बसून येते."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मग तुम्ही असता तर काय दाखवलं असतं?

"एक बाई," रुब्येल म्हणाला. "पलंगाच्या कडेला. फोनकडे बघत बसलेली."

"आणि?"

"आणि काही नाही. अख्खा भाग. शेवटी फोन वाजतो, आणि तो विमा कंपनीचा असतो."

"कोण बघणार असलं?"

"मी बघीन," एदिल्मा म्हणाली.

सगळे हसले. मग आयदे बाह्या खाली ओढत म्हणाली, "आपल्यातल्या कुणी ढकललं असेल ना, तर स्वतःला." यावर कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे आठवण करून दिली: मनात वादळ उठलं तर हातात बर्फ धरायचा, काय वाटतंय त्याला नाव द्यायचं, आणि थांबायचं. फक्त थांबायचं.

थांबण्याची वेळ लवकरच आली. नोरेलीचे निरोप यायचे बंद झाले. आधी दिवसातून दहादा फोनवर काहीतरी यायचं, अंतोनेलाच्या जांभईपासून बटाट्याच्या भावापर्यंत. आता एदिल्मानं काही लिहिलं की तिकडून फक्त "बरं" यायचं, आणि पुढे तेही येईना. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी नोरेली स्वतः आली. झगा मापाला न्यायचा होता.

"सुंदर झालाय," चुण्यांवर बोट फिरवत ती म्हणाली.

"घेर जरा आखूड करू का? पायऱ्यांवर पायात येईल."

"नको. म्हणजे..." नोरेली खिडकीबाहेर बघू लागली. "आई बोलेल तुझ्याशी. मी येते, एदिल्मा."

ती एदिल्मा म्हणाली. कोमाद्रे म्हणाली नाही.

दोन्या बेरेनीस त्याच संध्याकाळी आली, हातात झाकलेली ताटली घेऊन. ताटलीत गरम बुन्युएलो होते, चीज घालून तळलेले. वाईट बातमी ती कधी रिकाम्या हातानं आणत नसे.

"हे बघ पोरी, धर्ममाता तूच. ते काही मी बदलू म्हणत नाही. शब्द दिला तो दिला. नाहीतर एनविगादोला राहणारी भाची तयारच होती, तिच्याकडे गाडी आहे. पण मी म्हटलं, नाही. फक्त बाळाला घरून चर्चपर्यंत मी घेईन. चर्चच्या दारात तुझ्या हातात देईन. तिथं सपाट आहे."

"धर्ममातेनं घरून न्यायचं असतं, दोन्या बेरेनीस."

"असतं ग. पण एवढ्या पायऱ्या! तुझ्या जिवाला उगाच त्रास. आणि तू पुढे चाल, आम्ही मागून येतो."

एदिल्मानं ताटलीकडे बघितलं. ताटली भिंतीवर कशी फुटेल, बुन्युएलो कुठे कुठे घरंगळतील, हे तिला झालंच असल्यासारखं दिसलं. आणि त्याच वेळी हेही दिसलं, की आता ती ओरडली तर ओरडणारी एदिल्मा नसेल. इव्हाना असेल. मुकाट बसली तरी इव्हानाच असेल, कारण ढकलण्याआधी इव्हानाही अशीच गप्प होती. साधा, चारचौघींसारखा राग धरायचीही सोय उरली नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

दार लागल्यावर ती फ्रिजकडे गेली, बर्फाचा खडा काढला आणि मुठीत धरून जमिनीवर बसली. त्या दिवशीही तिनं इस्त्री केली होती. काय वाटतंय त्याला नाव द्यायचं होतं. भीती, तिनं नाव दिलं. कशाची? नोरेली जाईल याची. बर्फ वितळून मनगटावरून ओघळला. दुसरा खडा घेतला. मग आणखी एक नाव सापडलं आणि ते पहिल्याहून वाईट होतं. म्हातारीचं बरोबर असेल तर?

नोरेलीला तिनं पुष्कळ लिहिलं आणि एकही शब्द पाठवला नाही. बुन्युएलो थंडगार झाल्यावर खाल्ले. चांगले झाले होते.

आठवडाभरानं, बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा मंडळी निघाली. नोरेलीचा नवरा मेणबत्ती घेऊन आधीच खाली गेला होता. ठरल्याप्रमाणे सगळ्यांत पुढे एदिल्मा, निळ्या पोशाखात, हात दोन्ही खिशांत. तिनं तो पोशाख स्वतः शिवला होता आणि त्याला खिसे मुद्दाम ठेवले होते. मागे दोन्या बेरेनीस, बाळ घेऊन, नव्या उंच टाचांच्या चपलांत. झग्याचा घेर तिच्या दंडावरून खाली लोंबत होता. तिच्यामागे नोरेली, आणि नोरेलीमागे गुडघे धरलेली सगळी गल्ली.

अर्ध्या वाटेवर पायऱ्या जरा रुंद होतात. तिथं मरियामातेची काचेची घुमटी आहे. नोरेली तिथं थांबली.

"आई, थांब."

"आता काय? घंटा झालीय."

"बाळ एदिल्माकडे दे."

"देणारच आहे. चर्चच्या दारात. ठरलंय तसं."

"तू ठरवलंस. मी गप्प बसले. आठ दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत नाहीय. दे."

मागे उभ्या असलेल्या गल्लीत एकाही गुडघ्याची हालचाल झाली नाही. एदिल्मा वळली, पण वर आली नाही.

"राहू दे, नोरेली," ती म्हणाली. "यांचं बरोबर असेल."

"काय बरोबर असेल?"

"मला माहीत नाही. त्या बाईलाही आधी माहीत नव्हतं. जिन्यावर उभी राहीपर्यंत माहीत नव्हतं तिला." तिनं हात खिशांत आणखी खोल घातले. "माझ्या हातांचं मला काय सांगता येतंय?"

नोरेलीनं मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं, त्या भांडणाच्या दिवशी बघितलं होतं तसंच दमल्यासारखं.

"पाच वर्षं इथं राहतेस. या पायऱ्यांवरून कुणाला ढकललंस?"

"कुणालाच नाही."

"खोटं. हाइरोचे बूट."

"ते फेकले. ढकलले नाहीत."

"मग पुढे काय केलंस?"

"आणायला गेले."

"जोड्या लावून आणलेस ना?"

"हो. एकाची नाडी सुटली होती. ती बांधली."

"आई," नोरेली वळून म्हणाली, "त्या इव्हानानं ढकलल्यावर खाली जाऊन उचललं का ग तिला?"

दोन्या बेरेनीसचं तोंड आवळलं. पण मालिकेच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "ती वाइन प्यायला गेली."

"झालं तर. हात काढ खिशातून, कोमाद्रे."

एदिल्मानं हात काढले. ते थरथरत होते. दोन्या बेरेनीसनं ते पाहिलं, नातीकडे पाहिलं, मरियामातेकडे पाहिलं, आणि बाळ दिलं. अंतोनेला झोपली होती. एदिल्मानं झग्याचा सगळा घेर गोळा करून डाव्या हातावर घेतला, उजवा हात बाळाच्या मानेखाली घातला. हात आता थरथरत नव्हते, कारण त्यांना काम मिळालं होतं.

"थांब!" दोन्या बेरेनीस ओरडली. "थांब, हलू नकोस!"

तिनं टाचांच्या चपला काढून पाववाल्याच्या बायकोच्या हातात कोंबल्या, एदिल्माला वळसा घातला आणि अनवाणी तिच्या पुढे जाऊन उभी राहिली. पायऱ्यांकडे पाठ, एदिल्माकडे तोंड, दोन्ही हात पसरून.

"हं. आता ये. मी आहे पुढे. पडलीस तर माझ्यावर पड. हळू! डावीकडे फुटलीय ती पायरी. पाय बघ, माझ्याकडे काय बघतेस? डोकं धर तिचं. धरलंयस? धर."

"धरलंय, दोन्या बेरेनीस."

"मग बोलू नकोस, चाल."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी एदिल्माच्या पुढे उतरत होतं, आणि तेही उलटं. अख्खी गल्ली जपून मागून येत होती. फादर दारात ताटकळत उभे होते. दोन्या बेरेनीस अनवाणी, पाठमोरी, हात पसरून आणि शेवटच्या पायरीपर्यंत सूचना देत येताना पाहून त्यांनी पुस्तक मिटलं आणि वाट बघितली. चर्चमध्ये पाणी डोक्यावर पडल्यावर अंतोनेला खच्चून रडली. एदिल्माही रडली. ते रीतीला धरूनच होतं.

नंतर नोरेलीच्या घरी कोंबडी आणि केळं घातलेलं सांकोचोचं कालवण झालं, केक झाला. नोरेली आणि एदिल्मा भांडी घासायला उभ्या राहिल्या तेव्हा नोरेली म्हणाली, "त्या आठ दिवसांत तू फोन नाही केलास."

"पुष्कळदा केला. फक्त बटण दाबलं नाही."

"मला वाटलं, रागावलीस."

"रागावलेच होते. अजून आहे थोडी."

"मग उद्या ये भांडायला," नोरेली म्हणाली आणि ओल्या हातांनी तिच्या तोंडावर पाणी उडवलं.

मालिका महिनाभरानं संपली. शेवटच्या भागात इव्हाना जळत्या वाड्यात सापडली, कारण खलनायिकेला जाळल्याशिवाय मालिका संपवायची कशी हे कुणाला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी दोन्या बेरेनीसच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एदिल्मा अंतोनेलाला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी मक्याची वाटी होती. ज्वाळांतून इव्हाना किंचाळली. मग नावं वर सरकू लागली. दोन्या बेरेनीसनं डोळे पुसले.

"मी तुम्हाला सांगते," ती सगळ्यांना म्हणाली, "त्या डॉक्टरला काही कळत नव्हतं."

"का हो?"

"का म्हणजे? दीड वर्ष बघतेय मी. त्या बाईनं एक दिवस तरी इस्त्री हातात धरली का? कपड्यांना दोन मोलकरणी होत्या घरात. आता इस्त्रीच केली नाही, तर तिला एदिल्माचा आजार होईल कुठून?"

विचार करता हे खरंच होतं. दोघी बहिणींनी माना डोलावल्या. पाववाल्याची बायको म्हणाली, मला तर पहिल्यापासून शंका होती. एदिल्मानं तोंड उघडलं, डॉक्टरीणबाईंनी गटात समजावलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. मग तिनं खोलीभर नजर फिरवली, आणि मक्याचा एक चमचा तोंडात घातला.

"घाण डॉक्टर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिशांचं गाठोडं घेऊन निघाली तेव्हा दोन्या बेरेनीस भाजीची पिशवी घेऊन तिच्या पुढे चार पायऱ्यांवर उतरत होती. मागे पावलं वाजली तशी तिनं वळून पाहिलं, "तू होय," म्हणाली, आणि टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत, एकदाही भिंतीला न चिकटता, तशीच पुढे उतरत राहिली. तिचा गुडघा बरा झाला होता.